हिंगाचं बोलावणं

तापीच्या पात्रात आजवर सर्वांत जास्त जीव कोणी जेवू घातले असतील, तर ते माझ्या बायकोच्या मामांनी. पूर येतो, ओसरतो, बॅरेजचे दरवाजे उघडतात, मिटतात, माशांच्या पिढ्यांमागून पिढ्या जातात, पण शहाद्याहून प्रकाशा गावाकडे जाताना लागणाऱ्या त्या काठावर सकाळी साडेसातला पान वाढलेलं असतंच. मामांनी पकडलेले मासे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातलीही एक-दोन बोटं मी जावई या नात्याने भिडेखातर मोजतो. मामा म्हणजे हिचे सख्खे मामा. एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. विज्ञानाचे सर फळ्यावर वायूचं सूत्र लिहीत आणि तो वायू पडद्यामागे मामा करून देत. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, असं ते आजही अभिमानाने सांगतात. वर्गावर एक तास न घेताही गाव त्यांना मास्तर म्हणतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रयोगशाळा नदीवर हलवली आणि तिला लागणारं सगळं साहित्य मामींच्या स्वयंपाकघरातून, मामींना न विचारता, पुरवायला सुरुवात केली.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. नोकरीने नंदुरबारला आणलं आणि इथलाच जावई करून ठेवलं. लग्नानंतर मामांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत आलं होतं, उडदाच्या डाळीची वाट बघत आम्ही बसलो होतो. आतून फोडणीचा चुरचुराट ऐकू आला, मग एकदम सगळं शांत झालं आणि मग मामींचा आवाज आला, "मन्ही हिंगनी डबी कोठे शे?" मामा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. परीक्षेत कॉपी करताना सापडलेला मुलगा जसा छताकडे बघतो तसं त्यांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, "कोनती डबी?" मामी डोक्यावरचा पदर सावरत दारात आल्या. नव्या जावयाकडे पाहून गोड हसल्या, मग नवऱ्याच्या दिशेने एकदाच नाक फेंदारलं आणि म्हणाल्या, "उजवा खिसा." मामांनी निमूटपणे उजव्या खिशातून डबी काढून दिली. डाळीला हिंग पडला, जेवणं झाली, आणि या सगळ्यात काही विशेष घडलं असं माझ्याखेरीज त्या घरात कोणालाही वाटलं नाही.

जेवण झाल्यावर मामांनी मला ओट्यावर नेलं आणि सुपारी कातरत शास्त्र समजावून सांगितलं. "पाव्हना, मासाले डोया शेत, पन गढूळ पानीमा त्या काय कामना? त्यानं बठ्ठं काम नाकवर चालस." मी जन्माचा सर्दीचा माणूस. वर्षातले आठ महिने माझं नाक बंद असतं. त्यामुळे पाण्याखाली वास घेता येतो हे ऐकून मला माशांबद्दल आदरच वाटला. माझा चेहरा पाहून मामांना शिष्य सापडल्याचा आनंद झाला असावा, कारण ते लगेच आत जाऊन एक लांबट वही घेऊन आले. शाळेच्या प्रयोगवहीसारखे त्यात रकाने होते: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. एका पानावर लिहिलं होतं: 'साहित्य: कणीक, मध, डोक्याला लावायचे तेल. निरीक्षण: मासा आला, फिरला, परत गेला. अनुमान: तेल जास्वंदीचे होते, माक्याचे वापरून पाहावे.' दुसऱ्या पानावर: 'साहित्य: कणीक, दंतमंजन. निरीक्षण: कोणी आले नाही. अनुमान: आज एकादशी.' मासा गळाला लागला नाही म्हणून मामांनी माशाला कधीही दोष दिला नाही. दोष असलाच तर कृतीत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या वहीतून त्या घरातली एकही वस्तू सुटलेली नाही. बडीशेप, मेथी, लसूण, लवंग, वेखंड, गुलाबपाणी, देवघरातला कापूर, डोकेदुखीचा बाम, तपकीर, केकमध्ये घालायचा व्हॅनिलाचा अर्क, हे सगळं कणकेच्या गोळ्यांतून तापीत जाऊन आलेलं आहे. त्यांच्या मुलीला लग्नात आलेलं अत्तर तिच्याबरोबर सुरतेला गेलं, पण रिकाम्या बाटलीतून. एका दिवाळीला मी दाढीनंतर लावायचं सुवासिक पाणी घेऊन त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी बाटली अर्धी. मामांनी होऊनच अहवाल दिला, "कटलाले पसंद पडनं पाव्हना. रोहूले नही." तेव्हापासून मी गालाला ते पाणी लावलं की मला कटला आठवतो. नंदुरबारहून जाताना मी एकदा मामींसाठी चांगली लाल मिरची नेली होती. तिच्यावरही प्रयोग झाला. गोळा मळता मळता मामांनी डोळा चोळला आणि पुढचा अर्धा तास ते तापीत तोंड घालून बसले. त्या दिवशी मासे त्यांना बघायला जमले होते, असं जाळीवाले सांगतात. वहीत फक्त एवढंच: 'निरीक्षण: डोळा. अनुमान: मिरची माणसासाठीच.'

हे जाळीवाले म्हणजे तिथे होड्या घेऊन येणारे मासेमार. मामांवर त्यांचा फार जीव. मामा काठावर पोचले की कोणीतरी होडीतून हाक मारायचं, "मास्तर, आज मासास्ना काय बेत शे?" मामा सविस्तर बेत सांगायचे. चाऱ्याच्या वासाने मासे जमले की ही मंडळी त्या जागेपासून सभ्य अंतर ठेवून जाळं टाकायची आणि भरून न्यायची. मी एकदा चिडून म्हणालो, "मामा, खर्च तुमचा, मेहनत तुमची, आणि मासे हे घेऊन जातात?" मामा म्हणाले, "त्यास्ले पोट शे. मन्हं काय जास?" कारण मामा मासा खातच नाहीत. मामींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. चुकून एखादा मासा गळाला लागलाच तर मामा त्याचं तोंड सोडवतात, दोन क्षण त्याच्याकडे कौतुकाने बघतात आणि पाण्यात सोडून देतात. "मंग हाई सगळं कशाला?" असं मी माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत विचारलं होतं. ते थोडे लाजले. म्हणाले, "माले मासा खावाना नही शे. मी बलावसु आन तो येस का, तेवढंच माले देखनं शे."

बोलावण्याची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीत मात्र गंमत नव्हती. नवी जागा धरली की पहिले आठ दिवस गळ, म्हणजे मामांच्या बोलीत गय, लावायचा नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी जायचं, चारा टाकायचा, पाण्याकडे टक लावून न बघता गप्प बसायचं आणि उठून यायचं. "आठ दिन गय दखाडाना नही. आपलं मासासंगे काही काम नही शे, आसं त्याले वाटू देवानं." नवव्या दिवशी गळ. आणि दोरीला बांधलेलं मोरपिसाचं देठ पहिल्यांदा पाण्यात बुडलं तरी ओढायचं नाही. पहिल्या वेळी मासा फक्त हुंगून बघतो. तेव्हा हिसका दिला की गेलाच. माझ्यासारखा उतावळा माणूस शेजारी बसला की मामा माझ्या मनगटावर हात ठेवायचे, कारण देठ हललं की मी उडी मारतो, हे त्यांना ठाऊक झालं होतं.

आता मामींच्या नाकाबद्दल सांगायला हवं. माशांना नाक असतं हा मामांचा सिद्धान्त. पण मामींना नाक आहे हा गावाचा अनुभव. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून चव न घेता रांधायची सवय त्यांना लहानपणापासून लागलेली. त्यामुळे मीठ सोडून बाकी सगळं त्या वासावर ठरवायच्या. भाजणी उतरवायची वेळ झाली हे त्या अंगणातून सांगत. गावातल्या बायका मसाला कुटायला घेतला की वाटीत थोडा घेऊन यायच्या आणि मामी हुंगून म्हणायच्या, "धने कमी पडनात, वं." मामा नदीवरून आले की दारात थोडे थांबत. मामी हातातलं काम न सोडता, वर न बघता, निकाल सांगत. "लवंगा. आन देवघरमधला कापूर. ठेवा आठे." चोरलेला माल परत करण्यात मामांना जी धन्यता वाटायची, ती मासा सापडल्यावरही मी त्यांच्या तोंडावर पाहिलेली नाही. एकदा त्यांनी म्हसावदच्या बाजारातून, सातपुड्यातून उतरलेल्या एका म्हातारीकडून मोहाची सुकी फुलं आणली, दोन दिवस पाण्यात भिजवली आणि खिशात घालून एसटीने शहाद्याला कोणाला तरी दाखवायला नेली. कंडक्टरने त्यांना एकट्याला मागच्या बाकावर बसवलं. गावात ते परतण्याआधी बातमी परतली होती की मास्तर पिऊन फिरताहेत. ओट्यापाशी चार माणसं जमली. मामी दारात आल्या, नाक एकदा वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हाई पियेल नही शे, खिसामा शे." माणसं पांगली. बायकोच्या नाकाने अब्रू राखलेला दुसरा नवरा माझ्या माहितीत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मामींना ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या, मग उठल्या, हिंडू-फिरू लागल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामा पुन्हा नदीवर जायला लागले. पहिल्याच दिवशी ते हिंगाने माखून परतले, दारात थांबले, आणि मामी काहीच बोलल्या नाहीत. मामांना वाटलं, रागावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिंगाबरोबर कापूरही नेला. मामी गप्प. तिसऱ्या दिवशी, अपराध वाढवल्याशिवाय ही बोलायची नाही असं समजून, अर्धी लसूण नेली. मामी शेजारून निघून गेल्या. चौथ्या दिवशी मामा परतले तेव्हा ओट्यापर्यंत करपल्याचा वास येत होता. आत गॅसवर दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याला कोळशासारखं चिकटलं होतं आणि मामी त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे गहू निवडत बसल्या होत्या. मामांनी गॅस बंद केला.

नंदुरबारच्या नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापाने असं होतं, वास परत येईल, किंवा थोडा येईल, किंवा येणारही नाही. उग्र वासाच्या गोष्टी रोज हुंगत राहा आणि धीर धरा. उग्र वासाच्या गोष्टी त्या घरात हव्या तेवढ्या होत्या. धीर मात्र आम्हा कोणाकडेच नव्हता. सुरतेची मुलगी पंधरा दिवस येऊन राहिली. सकाळी उठल्यावर ती आईच्या नाकाखाली लवंग धरायची, "येतोय का?" दुपारी कॉफी, "येतोय का?" परत गेल्यावर ती हेच फोनवरून विचारू लागली. आमची ही तर नंदुरबारहून दर रविवारी पिशवी भरून वास घेऊन जायची. मी निलगिरीचं तेल नेलं. शेजारणी यायच्या आणि आपापल्या मसाल्याची वाटी पुढे करायच्या, आता परीक्षा मसाल्याची नसून मामींची असायची. मामी जेवण टाळू लागल्या. "माती खाई ऱ्हायनी आसं वाटस," एवढंच म्हणायच्या आणि दोन घासांत उठायच्या. स्वयंपाकघरात जाणं त्यांनी सोडलंच. अंगावरचं पातळ सैल दिसायला लागलं. मुलगी रडायला लागली की मामा तिला समजावत, आणि मामा गप्प झाले की त्यांना समजावायला कोणीच नसायचं. मामींना काही झालं तर हा माणूस आठ दिवसही टिकायचा नाही, हे आम्हाला दिसत होतं.

मग मामी म्हणू लागल्या, "हां, येस जराखा." आम्ही आनंदलो. मी तर पेढे आणले. मामा तेवढे आनंदले नाहीत. प्रयोगशाळेतला माणूस, एकदा उलटतपासणी केल्याशिवाय निष्कर्ष मानायचा नाही. एका रविवारी माझ्या देखत त्यांनी एक डबी आणली, मामींच्या नाकापाशी धरली आणि नेहमीसारखं विचारलं. मामींनी डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "लवंग शे ना? येस." मामांनी डबीचं झाकण लावलं. "शाबास," म्हणाले. मग ते बाहेर आले आणि मी त्यांच्या हातातून डबी घेऊन उघडली. ती धुऊन पुसून कोरडी केलेली रिकामी डबी होती. मी काही विचारायच्या आत मामा चप्पल घालून नदीकडे चालायला लागले होते. गळाची काठी न्यायलाही विसरले.

त्या दिवशी तापीने मामांना काय सांगितलं ठाऊक नाही. परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा सुरतेला फोन लावला. "बेटा, आजपाइन तुन्ही मायले वासनं इचारू नको. येई तव्हय येई." मग ते आमच्याकडे वळले. मला म्हणाले, "पाव्हना, तुमनं निलगिरी घर लई जा. आपन बठ्ठा जन तिले गय दखाडी ऱ्हायनूत. ती येई कशी?" शेजारणींच्या वाट्या त्यांनी दारातूनच, अत्यंत नम्रपणे, परत पाठवल्या. मला खरं सांगायचं तर रागच आला. डॉक्टर हुंगवा म्हणतो आणि हा माणूस बायकोला मासा समजतोय, असं मी परतीच्या वाटेवर हिला ऐकवलंदेखील. ही म्हणाली, "मामा बायकोला मासा समजत नाहीत. ते माशांना घरचं समजतात, तू काय ते नीट बघ."

त्यानंतर दर रविवारी जे पाहिलं ते असं. सकाळी सातला मामा ओट्यावर मामींच्या शेजारी खलबत्ता घेऊन बसत. त्याच वेळी, त्याच जागी. मामी डाळ निवडत. मामा हिंग कुटत, वेखंड उगाळत, लसूण ठेचत, कणीक मळत, आणि गप्पा मारत त्या भलत्याच, म्हणजे बॅरेजला पाणी किती आहे, कोणाच्या केळीला भाव काय मिळाला, सुरतेला गाडी किती उशिरा गेली. वासाचा शब्द नाही. मामींच्या तोंडाकडे बघणंही नाही. मग उरलेला गोळा कागदात बांधून ते नदीवर जात, परतल्यावर दारात नेहमीएवढं थांबत, मामी काही बोलत नसत, आणि मामा पाय धुऊन आत जात. स्वयंपाकही तेच करायचे. कणकेचे गोळे इतकी वर्षं मळलेले असल्याने भाकरीचा गोळा देखणा व्हायचा. भाकरी मात्र फक्त माशाने खावी अशी. मामी त्यातली चतकोर खायच्या. आठ दिवस झाले, महिना झाला, दिवाळी आली आणि बिनवासाची गेली. मला मामांकडे बघवत नव्हतं. ओट्यावर त्यांचा बत्ता चालूच असायचा.

थंडीतला एक रविवार होता. मामी ओट्यावर उन्हाला पाठ देऊन हरभऱ्याची डाळ निवडत होत्या, ही शेजारी, मी पेपर वाचत होतो. मामा नदीवरून आले. दारात थांबले. नेहमीएवढा वेळ गेला, त्यांनी पाय धुवायला तांब्या उचलला, आणि मामी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मन्ही हिंगनी डबी कोठे शे?"

हिने माझा दंड असा धरला की वळ उठले. माझ्या तोंडातून ओरडा निघणारच होता, पण मामांनी तांब्या न ठेवता दुसऱ्या हाताची तर्जनी किंचित उचलली, आणि मला देठ पहिल्यांदा बुडतानाचं सगळं आठवलं. मी पेपर तोंडापुढे धरला. मामांनी वर छपराकडे बघितलं. "कोनती डबी?" ते म्हणाले. "कोनती म्हने!" मामी फणकारल्या, "आठलगुन वास ई ऱ्हायना." आणि मग त्यांचे हात सुपातच थांबले. वास इथवर येतोय, हे आपणच बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. त्यांनी मान वर केली. मामा तसेच उभे, तांब्यातलं पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं. कोणी काही विचारलं नाही. मामी उठल्या, पदर खोचला, मामांच्या उजव्या खिशात स्वतः हात घालून डबी काढली आणि कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात गेल्या. आतून फोडणीचा आवाज आला तेव्हा मामा ओट्याच्या पायरीवर बसले होते आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ पाय धूत होते. त्या दिवशी डाळीत हिंग भयंकर पडला होता. मामी पोटभर जेवल्या. मी तिसऱ्यांदा डाळ मागून घेतली आणि दोन दिवस पोट धरून बसलो, त्याचं मला काही वाटलं नाही.

मामींचं नाक सगळं परत आलं असतं तर मला इथेच थांबता आलं असतं. तसं झालेलं नाही. हिंग येतो, कापूर येतो, करपलेलं कळतं. जेवण बरंच सुधारलंय, पातळ पुन्हा अंगाला बसायला लागलंय. पण मोगरा येत नाही, तव्यावरची भाकरी येत नाही, आणि मसाल्याच्या वाट्या घेऊन बायका आल्या तर मामी काहीतरी कामाचं निमित्त काढून आत जातात. मामा रोज नदीवर जातात. रोज दारात थांबतात. मामी निकाल सांगतात, कधी बरोबर असतो, कधी नसतो.

गेल्या खेपेला आम्ही मुक्कामाला होतो. सकाळी मामांनी माझ्यासमोर वेखंड उगाळलं होतं आणि त्याचा दर्प एवढा होता की माझ्या जन्मजात बंद नाकालाही तो कळला. मामा परतले, दारात थांबले. मामींनी डोळे बारीक केले, पुष्कळ वेळ घेतला आणि म्हणाल्या, "लवंगा." मी तोंड उघडणार तोच मामांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "दोनच लिध्यात," ते पुटपुटले. "दोन म्हने! आना इकडे." "मासास्नी खाई टाक्यात ना आते." मामी काय हसल्या! कितीतरी दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मामा पाय धुऊन आत गेले आणि वही काढून बसले.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला निघायची आमची घाई चालली होती. मामी तुळशीपाशी होत्या. पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात शिरलो तर मामा मसाल्याचा डबा उघडून उभे. त्यातून दोन लवंगा त्यांनी वेचून घेतल्या, झाकण आवाज न करता लावलं, आणि मागे वळल्यावर मी दिसलो तसे जरा दचकले. खिडकीत वही उघडी होती. कालच्या पानावर 'साहित्य: कणीक, लवंग दोन' असं शाईने लिहिलेलं मला स्पष्ट वाचता येत होतं, वेखंडाचं नाव नव्हतं. "कालन्या शेतस," मामा हळूच म्हणाले. मग त्यांनी त्या दोन लवंगा उजव्या खिशात टाकल्या, काठी घेतली आणि नदीकडे निघाले.